ससून डॉकवर उतरलेला वारस

१८९६च्या ऑक्टोबरात मुंबईच्या ससून डॉकला एक होडी लागली. लाटांवर ती चार-पाच फूट वरखाली होत होती. एकवीस वर्षांच्या गोऱ्या अधिकाऱ्याने धक्क्यावरची लोखंडी कडी उजव्या हाताने धरली, तेवढ्यात होडी मागे सरली आणि त्याचा खांदा निखळला. हा विन्स्टन चर्चिल. मार्लबरोच्या ड्यूकपदाचा पुढचा वारस त्या दिवशी तोच होता.

हे पद १७०२ साली राणी ॲनने सेनापती जॉन चर्चिलला दिले. इंग्लंडातली अशी पदवी बहुधा मुलाकडे जाते. मुलगा नसेल तर भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ. मुलगी रांगेतच नसते. जॉनचा हाताशी आलेला मुलगा १७०३ला केंब्रिजमध्ये देवीने गेला, उरल्या चार मुली. पुढच्याच वर्षी बापाने ब्लेनहाइमला फ्रेंचांचा धुव्वा उडवला. अशा माणसासाठी कायदा वाकतो: १७०६ साली पार्लमेंटने मुलींनाही वारसा खुला केला. १७२२ला थोरली हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तिचा मुलगा तिच्याआधीच गेला, म्हणून १७३३ला पद भाच्याकडे, चार्ल्स स्पेन्सरकडे आले. चर्चिल हे आडनाव तेव्हा गेले. १८१७ला पाचव्या ड्यूकने ‘स्पेन्सर-चर्चिल’ असे जोडनाव घेऊन खापरपणजोबांचे नाव परत आणले.

दत्तकाला मात्र इथे थारा नाही. साताऱ्याचा दत्तक नाकारून १८४८ला राज्य खालसा करणारा डलहौसी पुढे मार्क्विस झाला. १८६०ला तो वारला तेव्हा मागे मुलगा नव्हता. मार्क्विसपद त्याच्याबरोबरच संपले. सातारकरांना हे सांगायला हवे.

१८९५च्या जानेवारीत विन्स्टनचे वडील गेले. चुलतभाऊ, नववा ड्यूक, तेव्हा अविवाहित; म्हणून पुढचा वारस विन्स्टन. नोव्हेंबरात त्याने न्यूयॉर्कच्या व्हँडरबिल्ट घराण्यातल्या कन्सुएलोशी लग्न केले. सोबत पंचवीस लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर आले. कन्सुएलोने आठवणींत लिहिले आहे, की आजेसासूने तिला बजावले: मुलगा हवाच, तो आगाऊ विन्स्टन ड्यूक होता कामा नये. ही आजेसासू विन्स्टनचीही सख्खी आजी!

सप्टेंबर १८९७त मुलगा झाला. विन्स्टन तेव्हा वायव्य सरहद्दीवर मलाकंडच्या फौजेबरोबर होता. ड्यूक झाला असता तर त्याला लॉर्ड्सच्या सभागृहात बसावे लागले असते. पदवी सोडायची सोय १९६३पर्यंत नव्हतीच. १९०० साली तो ओल्डहॅममधून कॉमन्सवर निवडून आला. खांदा मात्र पुढेही दगा देत राहिला. पोलो खेळताना तो उजवा दंड पट्ट्याने अंगाशी बांधून घेई.