अरादमधला निकाल, पुण्यातली वसुली

बहारीनच्या अरादमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या हाती निकालाची प्रत येते ती अरबीत, उजवीकडून डावीकडे वाचायची. त्यातली पहिली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारीख, कारण अपिलाची मुदत तिच्यापासून मोजली जाते.

तिथे न्यायालयाच्या तीन पायऱ्या आहेत: प्राथमिक न्यायालय, अपील न्यायालय आणि सर्वांत वर कॅसेशन न्यायालय. हे शेवटचे 1989 च्या कायद्याने उभे राहिले. ते साक्षीपुरावे नव्याने तपासत नाही, कायदा नीट लावला का एवढेच पाहते. त्यामुळे विसरलेली पावती तिथे दाखवून उपयोग नाही. ती पहिल्याच पायरीवर द्यायला हवी. इथेच आपली माणसे चुकतात आणि त्याची हळहळ वाटते.

एके काळी ब्रिटिशांच्या 1913 च्या आदेशाने तिथल्या ब्रिटिश अधिकारक्षेत्रात हिंदुस्थानी कायदे लागू होते, जणू बहारीन मुंबई इलाख्याचाच एक जिल्हा. आज तसे नाते नाही. संयुक्त अरब अमिरातीला भारताने 2020 मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली निकालांच्या परस्पर अंमलबजावणीचा प्रदेश म्हणून मान्यता दिली. बहारीनला तशी मान्यता नाही. म्हणून तिथल्या निकालाची पुण्यात थेट अंमलबजावणी होत नाही, त्या निकालावर नवा दावा लावावा लागतो. समोरच्याला बाजू मांडायची संधी मिळाली होती का, हे कलम 13 नुसार तपासले जाते.

या दाव्याची मुदत निकालाच्या तारखेपासून तीन वर्षे आहे. प्रमाणित प्रत आणि तिचे भाषांतर आजच करून ठेवा.