एकादशी, दुप्पट खाशी... पण काय खाशी?

गोष्ट गेल्या आषाढीची. मेसमध्ये सकाळी दोन प्लेट साबुदाण्याची खिचडी हाणली आणि प्रॅक्टिकलला गेलो. बारा वाजले नाहीत तोच पोटात कावळे ओरडू लागले, रीडिंग घेताना हात थरथरायला लागला. माझा पार्टनर मात्र एकदम मजेत. त्याने घरून आलेली उकडलेली रताळी खाल्ली होती. दोन प्लेट खाऊनही मलाच भूक का? म्हटलं, जरा हिशोब करूया.

उपासाच्या पदार्थांत कंदमुळांचं राज्य. सुरण, अळकुडी काही घरांत चालतात, काही घरांत नाही; पण बटाटा, रताळे आणि साबुदाणा सगळीकडे. गंमत म्हणजे हे तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या उपासात ते नंतर आले! दर १०० ग्रॅममागचे साधारण आकडे असे (बाकीचे कच्चे, साबुदाणा कोरडा):

बटाटा – ७७ कॅलरी, प्रथिने २ ग्रॅम, तंतू २ ग्रॅम
रताळे – ८६ कॅलरी, प्रथिने १.६ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅम
अळकुडी – ११२ कॅलरी, प्रथिने १.५ ग्रॅम, तंतू ४ ग्रॅम
टॅपिओकाचा कंद – १६० कॅलरी, प्रथिने १.४ ग्रॅम, तंतू १.८ ग्रॅम
साबुदाणा – ३५८ कॅलरी, प्रथिने ०.२ ग्रॅम, तंतू ०.९ ग्रॅम

वरवर पाहता साबुदाणा 'पॉवरफुल' वाटतो. पण केमिकलवाले मित्र लगेच विचारतील, "बेसिस काय?" बरोबर! बटाट्यात सुमारे ७९ टक्के पाणी, साबुदाण्यात जेमतेम ११. ओल्याची तुलना कोरड्याशी कशी करायची? म्हणून बेसिस बदलू. प्रत्येकाच्या १०० कॅलरी खाल्ल्या, तर बटाट्यातून २.६ ग्रॅम प्रथिने मिळतात, रताळ्यातून १.९, अळकुडीतून १.३, टॅपिओकाच्या कंदातून ०.९. आणि साबुदाण्यातून? ०.०६! म्हणजे जवळजवळ शून्य.

असं का? कारण साबुदाणा हा कंद नव्हेच, तो कंदातून वेगळा काढलेला स्टार्च आहे. तमिळनाडूत सेलमच्या परिसरात त्याचे खूप कारखाने आहेत. कंद सोलायचा, किसून त्याचा लगदा करायचा, धुऊन-गाळून चोथा काढायचा, खाली बसलेल्या स्टार्चचे दाणे करून भाजायचे आणि वाळवायचे. कच्च्या कंदातली सायनाइड तयार करणारी द्रव्यं या धुण्यात बरीच निघून जातात, हे चांगलंच. पण त्याबरोबर प्रथिने, तंतू, क जीवनसत्त्व हेही जातं. उरतो तो स्टार्च चटकन पचतो, रक्तातली साखर भराभर चढते आणि तशीच उतरते. माझा हात थरथरला तो बहुधा यामुळेच.

मग बटाटा पहिला का? प्रथिने आणि क जीवनसत्त्व यांत तो रताळ्याच्या पुढे. तंतूंत रताळे पुढे, आणि गर केशरी असेल तर अ जीवनसत्त्वात त्याला तोड नाही. आपल्या बाजारातल्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात मात्र ते फारसं नसतं. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने 'भू सोना' हा केशरी गराचा वाण काढलाय, तो आपल्याकडे मिळायला हवा. आणखी एक: रताळे भाजण्यापेक्षा उकडलेलं असलं तर साखर हळू चढते.

याचा अर्थ साबुदाणा वाईट असा नाही. आजी खिचडीत दाण्याचं कूट सढळ हाताने घालायची आणि वर वाटीभर दही द्यायची. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने! साबुदाण्याची उणीव तिने बेसिस न मांडताच भरून काढली होती. मेसमध्ये पहिली काटछाट होते ती नेमकी कुटातच.

तेव्हा मेस सेक्रेटरी, पुढच्या एकादशीला खिचडी एक प्लेट कमी चालेल. पण कूट घाला, दही द्या आणि दोन उकडलेली रताळी ठेवा. दुपारी व्हायवा असतो हो!