हृदयरोगाचा वारसा आणि रक्तांतील कोलेस्टेरॉल

एखाद्या घरांत बाप पन्नाशीच्या आंत हृदयविकाराच्या झटक्यानें जातो, कांहीं वर्षांनीं काकाही त्याच वाटेनें जातो, आणि मागें राहिलेल्या मुलांच्या मनांत एक शंका घर करून बसते. रोग रक्तांतूनच उतरला असेल तर आतां पाळी कोणाची? अशा घरांतील माणसें बहुधा दोन प्रकारें वागतात. कोणी भीतीनें खचून जातो आणि छातींत जराशी कळ आली कीं मृत्यु उंबरठ्याशीं आला असें मानतो. कोणी ‘नशिबीं असेल तें होईल’ असें म्हणून रक्ताची तपासणीच टाळतो. या दोन वृत्ति वरवर परस्परविरुद्ध दिसल्या तरी दोहोंचें मूळ एकच आहे. वारशानें नेमकें काय येतें, हें दोघांनाही ठाऊक नसतें.

कोलेस्टेरॉल हें कांहीं विष नव्हे. पेशींचीं आवरणें, पित्तरस आणि कित्येक अंतःस्राव यांच्या घडणीस तें अवश्य लागतें. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८१५ च्या सुमारास पित्ताशयांतील खड्यांत आढळणाऱ्या या मेणासारख्या पदार्थास पित्त आणि घन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून नांव दिलें. त्यांतूनच आजचें नांव आलें. शरीराला लागणारें बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतें. अन्नांतून येणारा वांटा त्या मानानें थोडा असतो. हा पदार्थ पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून रक्तांतून प्रवास करतांना त्यास प्रथिनांच्या आधारानें लहान लहान कणांत बसावें लागतें. त्यांपैकीं कमी घनतेच्या कणांस वैद्यकांत एल.डी.एल. म्हणतात. पेशींना कोलेस्टेरॉल पोंचविण्याचें काम हे कण करतात. परंतु रक्तांत त्यांची गर्दी वाढली म्हणजे ते धमन्यांच्या अस्तरांत शिरतात आणि तेथें हळूहळू थर सांचूं लागतो. हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमनींत असा थर फुटला आणि त्यावर रक्ताची गुठळी धरली, कीं झटका येतो. थर सांचण्याची ही क्रिया अनेक वर्षें चालते, आणि त्या काळांत बहुधा कांहींच दुखत नाहीं.

या विकाराचा कुळाशीं असलेला संबंध नॉर्वेमधील कार्ल म्युल्लर या वैद्यानें १९३८ सालीं स्पष्टपणें मांडला. कांहीं रोग्यांच्या स्नायुबंधांवर व पापण्यांवर पिवळसर गांठी असत, त्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल फार असे, आणि त्यांना व त्यांच्या नातलगांना हृदयरोग होई. सतरा कुटुंबांचा अभ्यास करून त्यानें असें दाखविलें कीं, ह्या तीन गोष्टी सुट्या नसून एकाच आनुवंशिक दोषाच्या खुणा आहेत.

तो दोष कोणता, याचा उलगडा पुढें अमेरिकेंतील डॅलस येथें मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनीं १९७३-७४ च्या सुमारास केला. त्याबद्दल त्यांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचा शोध एका साध्या दृष्टांतानें समजण्यासारखा आहे. एल.डी.एल.चे कण या मालानें भरलेल्या होड्या मानाव्या. होडी रिकामी व्हावयाची तर तिला धक्का हवा. यकृताच्या पेशींवर असे असंख्य धक्के असतात. तेथें होडी लागते, माल आंत जातो आणि रक्त मोकळें होतें. हा धक्का बांधण्याची कृति ज्या जनुकांत लिहिलेली असते, त्याची एक प्रत आईकडून व एक बापाकडून येते. यांपैकीं एक प्रत सदोष असली तर कामाचे धक्के सुमारें निम्मेच उरतात. होड्या प्रवाहांत तुंबतात, आणि कोलेस्टेरॉल जन्मापासूनच चढलेलें राहतें.

असा दोष जगांत अदमासें दर अडीचशें माणसांत एकास असतो. म्हणजे तो मुळींच दुर्मिळ नाहीं. ज्या आईबापांपैकीं एकांत तो आहे, त्यांच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो, मग तें अपत्य मुलगा असो वा मुलगी. दोन्ही प्रती सदोष असलेलें मूल क्वचितच जन्मतें. परंतु त्याला बालपणीं किंवा कुमारवयांतच हृदयरोग जडूं शकतो. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रांतील कित्येक समाजांत आहे. अशा विवाहांत दोहोंकडून एकच दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो, म्हणून ज्या कुळांत हा विकार आहे तेथें या गोष्टीचा विचार आधीं झालेला बरा.

मात्र घरांतील प्रत्येक हृदयरोग हा असा वारसा नव्हे. पंचाहत्तरीच्या वृद्धास झटका आला, आणि तो आयुष्यभर तंबाखू ओढीत होता, तर तेवढ्यावरून मुलांनीं वारशाची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. एकाच घरांतील माणसें एकाच चुलीवरचें अन्न खातात, आणि कित्येकदां व्यसनेंही एकमेकांपासून उचलतात. तोही वारसाच, पण तो टाकून देतां येतो. शंका घ्यावयाची ती जवळच्या नातलगांपैकीं पुरुषास ५५ किंवा स्त्रीस ६० वर्षांच्या आंत हृदयरोग झाला असेल तेव्हां. टांचेच्या जाड शिरेवर गांठी येणें, किंवा पंचेचाळिशीपूर्वीं डोळ्याच्या बुबुळाभोंवतीं पांढुरकें कडें दिसणें, याही खुणा आहेत. पण त्या नसल्या म्हणजे विकार नाहीं असें होत नाहीं. खरी साक्ष रक्ताची. प्रौढाच्या रक्तांत दर १०० मिलिलिटरांत एल.डी.एल. १९० मिलिग्रॅमांच्या वर, किंवा अशा घरांतील मुलांत १६० च्या वर, वारंवार आढळलें तर वैद्यास या विकाराचा संशय येतो. लिपोप्रोटीन-ए या नांवाचा आणखी एक कण वारशानेंच वाढतो. त्याची तपासणी जन्मांत एकदां झाली तरी बहुधा पुरते.

येथें आहाराचा प्रश्न येतो. तूप, लोणी, खोबरेल, वनस्पति तूप व तळलेले पदार्थ बेतानें खाणें, डाळी, भाज्या, फळें व ओट्ससारखीं धान्यें वाढविणें, रोज चालणें, आणि तंबाखू कायमची सोडणें, हें सर्वांनाच हितकर आहे. परंतु ज्याच्या यकृतांत धक्केच कमी, त्याचें एल.डी.एल. केवळ पथ्यानें बहुधा दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक उतरत नाहीं. सडपातळ, शाकाहारी आणि निर्व्यसनी मनुष्यासही हा विकार असूं शकतो. तेव्हां औषध घेण्यांत हार नाहीं, आणि रोग जडला म्हणून रोग्याच्या खाण्यापिण्यास दोष देत बसणें अन्यायाचें आहे.

औषधाचा शोध जपानांत लागला. अकिरा एंदो या शास्त्रज्ञानें सुमारें सहा हजार बुरशी तपासल्या, आणि १९७३ सालीं क्योतो येथील धान्याच्या दुकानांतल्या तांदुळावरील निळसर-हिरव्या बुरशींतून कोलेस्टेरॉलची घडण रोखणारें द्रव्य वेगळें केलें. स्टॅटिन वर्गाचीं औषधें या वाटेनें निघालीं. त्यांतील पहिल्यास अमेरिकेंत १९८७ सालीं मान्यता मिळाली. यकृतांतील घडण मंदावली कीं यकृत रक्तांतील माल ओढून घेण्यासाठीं अधिक धक्के उभारतें, हें या औषधाचें मर्म. हृदयरोग आधींच जडलेल्या ४,४४४ रोग्यांवर स्कँडिनेव्हियन देशांत झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९४ सालीं प्रसिद्ध झाला: सुमारें साडेपांच वर्षांत औषध घेणाऱ्यांतील मृत्यूंचें प्रमाण ३० टक्क्यांनीं कमी भरलें. कांहींचे स्नायु दुखतात; अशा वेळीं औषध आपल्या मनानें सोडूं नये, वैद्यास सांगून मात्रा किंवा प्रकार बदलून घ्यावा. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनीं तर आधींच सल्ला घ्यावा. एक औषध पुरें पडलें नाहीं तर जोडीस देण्याचीं दुसरीं औषधें व टोंचण्याहि आतां आहेत. या विकाराच्या मुलांस वैद्याच्या देखरेखीखालीं आठ-दहा वर्षांच्या वयापासून औषध सुरू करतां येतें.

या सर्वांत मोठी अडचण औषधाची नाहीं, ती मौनाची आहे. मुलीच्या लग्नांत विघ्न येईल म्हणून बापाचा रोग झांकला जातो. भाऊ भावास सांगत नाहीं. आणि ज्यास वेळीं कळलें असतें तर तो वांचला असता, तो अजाणतां जातो. औषधाविना राहिलेल्या या विकाराच्या पुरुषांपैकीं जवळजवळ निम्म्यांस पन्नाशीपर्यंत हृदयरोग गांठतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या मौनाची किंमत कळते. म्हणून घरांत एकास विकार ठरला कीं त्याचीं भावंडें, मुलें व हयात आईबाप या सर्वांचें रक्त तपासून घ्यावें. निम्म्यांच्या मनावरील ओझें त्या एका चांचणीनें कायमचें उतरेल. उरलेल्यांना आपल्यापुढील संकट अजून दूर असतांनाच दिसेल, आणि त्यावरील उपाय त्यांच्या हातीं असेल. ज्या वडिलांना ही सोय लाभली नाहीं, त्यांच्या मृत्यूपासून मुलांनीं एवढा बोध घेतला तरी पुरे आहे.