९० लाख रुग्णांचा डेटा आणि त्यात न दिसणारी गोष्ट

सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनमध्ये "सॅम्पल साइझ किती?" हा प्रश्न हमखास येतो. आकडा मोठा असला की समिती खूश आणि आपणही खूश. आज अशा एका डेटाबेसबद्दल बोलू, जिथे आकड्याची कमतरता कधीच नसते. तरीही तिथे उत्तर चुकू शकतं. ते कसं, हे संशोधनात उतरण्याआधी कळलेलं बरं.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतंत्र आरोग्यसेवा आहे. ती चालवणारं खातं म्हणजे डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, थोडक्यात व्हीए. तिथे सुमारे ९० लाख जणांची नोंदणी आहे. अमेरिकेत एरवी नोकरी बदलली की विमा बदलतो, डॉक्टर बदलतो आणि रुग्णाच्या नोंदी विखुरतात. व्हीएचा रुग्ण मात्र ओहायोतून टेक्सासला राहायला गेला, तरी त्याच यंत्रणेत राहू शकतो. त्यामुळे एकाच माणसाची निदानं, रक्ततपासण्या, औषधं आणि मृत्यूची नोंद वर्षानुवर्षं सलग पाहता येते. या नोंदी कॉर्पोरेट डेटा वेअरहाउस नावाच्या मोठ्या कोठारात एकत्र केल्या जातात. शिवाय २०११ मध्ये मिलियन व्हेटरन प्रोग्राम सुरू झाला. त्यात स्वेच्छेने रक्ताचा नमुना देणाऱ्यांची संख्या २०२३ मध्ये दहा लाखांवर गेली. म्हणजे जनुकं आणि आजारपणाचा इतिहास, दोन्ही एकाच ठिकाणी!

आता खरी गोष्ट. एप्रिल २०२० आठवा. कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालतं का, यावर जगभर वाद सुरू होता. तेव्हा व्हीएच्या नोंदींवरून केलेला ३६८ पुरुष रुग्णांचा एक अभ्यास प्रीप्रिंट म्हणून आला. नुसतं हे औषध दिलेल्या गटात सुमारे २८ टक्के रुग्ण दगावले होते, औषध न दिलेल्या गटात सुमारे ११ टक्के. वय, इतर आजार वगैरे फरक लक्षात घेऊन हिशेब केला, तरी या गटात मृत्यूचा धोका अडीचपटीहून जास्त निघाला.

औषध घातक आहे, असाच निष्कर्ष तुम्हीही काढला असता ना? जरा थांबा. त्या दिवसांत हे औषध डॉक्टर कोणाला देत होते? बऱ्याचदा ज्याची तब्येत ढासळत होती त्याला. म्हणजे औषधामुळे मृत्यू वाढले, की मृत्यूच्या जवळ असलेल्यांनाच औषध मिळालं? याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. अशा अभ्यासांत आजाराच्या तीव्रतेचा हिशेब धरतात, पण जे नोंदलं गेलं आहे त्याचाच. खाटेशेजारी उभ्या डॉक्टरला "हा पेशंट काही बरा दिसत नाही" असं जे जाणवतं, त्यासाठी डेटाबेसमध्ये कॉलम नसतो.

पुढे ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलमध्ये औषध कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. औषध मिळालेले १,५६१ रुग्ण, न मिळालेले ३,१५५. २८ दिवसांत मृत्यू अनुक्रमे २७ आणि २५ टक्के. म्हणजे औषधाचा फायदा नाही, पण अडीचपट धोकाही नाही. रुग्ण आणि देश वेगळे होते, त्यामुळे दोन्हींतले आकडे शेजारी ठेवून थेट वजाबाकी करू नका. पण धडा स्पष्ट आहे.

मग असे डेटाबेस निरुपयोगी का? अजिबात नाही. लाँग कोविडच्या लक्षणांचं सुरुवातीचं मोठं चित्र २०२१ मध्ये व्हीएच्याच नोंदींतून समोर आलं. तिथे बाधित आणि अबाधित लोकांची तुलना लाखोंच्या संख्येत करायची होती आणि ती पटकन हवी होती. प्रश्न आणि डेटा जुळले पाहिजेत, एवढंच.

त्यासाठी कुठल्याही डेटाबेसला हे तीन प्रश्न विचारा.

पहिला: ही नोंद का झाली? ती उपचारासाठी किंवा प्रशासनासाठी झालेली असते, तुमच्या थीसिससाठी नाही. एखाद्याची साखर तपासलेली नाही, याचा अर्थ त्याला मधुमेह नाही असा होत नाही.

दुसरा: यात कोण नाही? व्हीएचे रुग्ण बहुतांश पुरुष आणि वयाने मोठे. तिथला निष्कर्ष तिशीतल्या बाईला लावताना विचार हवाच. शिवाय ६५ वर्षांवरचे अनेक जण मेडिकेअरवर बाहेरच्या हॉस्पिटलमध्येही जातात. तो डेटा जोडला नाही, तर बाहेर झालेला हार्ट अटॅक तुमच्या फाइलमध्ये झालेलाच नसतो.

तिसरा: घड्याळ कधी सुरू केलं? "सहा महिने औषध घेतलेले" असा गट केला, की त्यातला प्रत्येक जण किमान सहा महिने जगलेला असणारच. दुसऱ्या गटाला ही सवलत नाही. मग औषध उगाचच जीवनदायी दिसतं. याचं नाव इम्मॉर्टल टाइम बायस.

"हा डेटा मला मिळेल का?" असं मनात आलं असेल. थेट डाउनलोड होत नाही. व्हीएशी संलग्न संशोधक आणि नैतिक समितीची परवानगी लागते, आणि काम त्यांच्याच सुरक्षित सर्व्हरवर करावं लागतं. मिलियन व्हेटरन प्रोग्रामचे काही सारांश-निकाल मात्र डीबीगॅप या भांडारातून मागता येतात. जेनेटिक्सवाल्यांनी तिकडे जरूर पाहावं.

तोपर्यंत एक सराव करा. डेटाबेसवरचा कुठलाही पेपर घ्या आणि निकाल वाचण्याआधी मेथड्स वाचून कागदावर लिहा: उपचार कोणाला मिळाला, कोणी ठरवलं आणि का? याचं उत्तर पेपरमध्ये सापडलं नाही, तर सॅम्पल साइझ लाखांत असली तरी त्या निकालावर लगेच विश्वास ठेवू नका.