बॉडी मिळाली का?

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात 'सीआयडी' या मालिकेतले एसीपी प्रद्युमन गेले. तिग्मांशू धुलियांनी रंगवलेल्या खलनायक बार्बोसाने स्फोट घडवला आणि सोनी वाहिनीने एसीपींना श्रद्धांजली वाहिली, तीही एखाद्या खऱ्या माणसाला वाहावी तशी. लोक हळहळले, चिडले. एसीपी नसतील तर आम्ही बघणार नाही, असं कितीतरी जणांनी बजावलं.

पाथर्डीच्या माझ्या आत्याने मात्र फोनवर आधी विचारलं, "बॉडी मिळाली का? साळुंखेंनी पीएम केलं का? मग मेला कशावरून म्हणायचं?"

हा प्रश्न तिला याच मालिकेने शिकवला. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालेली 'सीआयडी' ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. १५४७ भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा आली. एवढ्या वर्षांत डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेने घराघरातल्या बायकांना ठसे, रक्तगट, डीएनए समजावले. जळालेला मृतदेह दुसऱ्याचाच निघतो, हेही तिथलंच ज्ञान. अशा प्रेक्षकाला नुसता धूर दाखवून कसं भागेल? आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, "ओळख पटली नाही तर मिसिंग लागते." ते खरंच आहे. जवळच्यांना सात वर्षं ज्याची काही खबर नाही, त्याला कायदा मृत धरू शकतो. वाहिनीने मात्र लगेच हार घातला.

प्रद्युमन रंगवणारे शिवाजी साटम आपल्या घरांत 'सीआयडी'च्याही आधीपासून आहेत. सेंट्रल बँकेत नोकरी करणारा हा माणूस मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'मध्ये पोलीस म्हणून दिसला. ती मालिकाही 'सीआयडी'वाल्या बी. पी. सिंग यांचीच. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला प्रद्युमन ओळखीच्या घरातले वाटतात. आपल्या गुन्हेगार मुलावर, नकुलवर, गोळी झाडणारा हा बाप लोक विसरलेले नाहीत.

लेखकाने नायकाला मारावं आणि वाचकांनी भांडावं, हे जुनंच आहे. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटलं, वाचक खवळले आणि १९०३ मध्ये त्याला परत आणावं लागलं. प्रद्युमनना एवढी वाट पाहावी लागली नाही. त्यांच्या जागी पार्थ समथानचे एसीपी आयुष्मान आले, पण प्रेक्षकांची मागणी थांबेना. पुढे साटम परतले.

हा हट्ट मला पोरकट वाटत नाही. आमच्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी 'अर्धसत्य' चित्रपटात (१९८३) गुंड रामा शेट्टी उभा केला, तेव्हा त्याच्यापुढे हतबल होणारा फौजदार आपण पाहिला. खरी पोलीस चौकी त्या हतबलतेच्याच जवळची. पंचनामा, जबाब, मुद्देमाल, मग कोर्टाच्या तारखा. मामांना निवृत्तीनंतरही साक्षीला जावं लागलं. 'सीआयडी'त मात्र गुन्हा उघडकीला येतो, गुन्हेगार सापडतो आणि एसीपी दुसऱ्या दिवशी कामावर हजर असतात. ही खात्री लोकांना दर शनिवार-रविवारी हवी असते.

आत्याला ती जरा जास्तच हवी असते. नवरात्रात मोहटादेवीचा बंदोबस्त, फाल्गुनात मढीची यात्रा; सणाला मामा घरी नसत. कुठे दगडफेक झाल्याची बातमी आली की ती दार लोटून जागी बसायची. मोबाइल नव्हते. पोलिसाच्या मरणाची बातमी तिच्या घरात कधीही येऊ शकत होती, म्हणून मालिकेतल्या त्या मरणाचा तिला राग आला. मला तो राग रास्त वाटतो. मालिकेतला फ्रेडरिक्स रंगवणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरोखर गेले, तेव्हा तिने पुरावा मागितला नव्हता. हार घालून नंतर माणूस परत आणायचा, हे तिला पटलं नाही. साटम परतल्याचा तिला आनंद झाला, पण मामांना ती म्हणालीच, "ज्यांनी खोटी खबर दिली, त्यांच्यावर काही कलम लागतं का हो?"