एकवीस दिवसांचा हिशेब

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी किंवा आजोळी परसात चार-दोन कोंबड्या असतील. सकाळी खुराड्याची फळी सरकवली की त्या फडफडत बाहेर पडतात. दिवसभर उकिरडा उकरतात आणि तिन्हीसांजेला कोणी न बोलावता परत येतात. त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे असे आपल्याला सहसा वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. परंतु एका उन्हाळ्यात आमच्या मामीची बारा अंडी फुकट जाण्याची वेळ आली, आणि तेव्हापासून कोंबडीचे अंडे ही किती नाजूक आणि किती नेमकी वस्तू आहे हे मला कळू लागले.

माझे आजोळ सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. हा भाग दुष्काळी आहे. तीन एकर जिराईत जमीन, एक म्हैस, दोन शेळ्या आणि चार गावठी कोंबड्या असा तेथला संसार. शेतीचा पैसा मामांच्या हाती येई. अंडी आणि कोंबड्या यांचा पैसा मात्र मामीचा. त्यातूनच मामेभावाच्या वह्या आणि परीक्षेची फी भागे.

बारांतून चार

मी आठवी पास होऊन सुटीत गेलो होतो. चैत्र महिना होता. तांबडी कोंबडी खुडूक झाली होती. खुडूक कोंबडी ओळखणे सोपे असते. ती अंडी देणे बंद करते, पिसे फुलवून एका जागी बसून राहते, जवळ गेले की चोच मारते आणि ‘खुड् खुड्’ असा घोगरा आवाज काढते. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढल्यामुळे हा बदल होतो. पोटाखालची पिसे विरळ होऊन उघडी, ऊबदार त्वचा अंड्यांना लागते. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या उबेने अंडी सुमारे साडेसदतीस अंशांवर राहतात.

मामीने पाटीत राख पसरली, वर गव्हाचे काड घातले आणि बारा अंडी मांडून कोंबडी बसवली. आजीने त्यात एक लोखंडी खिळा ठेवला. का? तर वीज कडाडली की अंडी मरतात, लोखंड असले की मरत नाहीत, असे तिचे म्हणणे.

एकविसाव्या दिवशी पिले निघाली ती फक्त चार. मामीचा चेहरा उतरला. कोंबडी खुडूक बसली म्हणजे ते एकवीस दिवस आणि पुढे पिले सांभाळण्याचे दीड-दोन महिने ती अंडी देत नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशीच अंडी देते. तेव्हा हा तोटा लहान नव्हता. “नजर लागली,” असे शेजारच्या काकी म्हणाल्या.

राहिलेली आठ अंडी मी गोठ्यामागे नेऊन ओल्या फडक्यात धरून एकेक फोडली. (असे अंडे कुजलेले असते आणि दाब आला की फुटून उडते. म्हणून हे काम घराबाहेरच करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत.) एका अंड्यात काहीच धरलेले नव्हते. दोघांत पूर्ण वाढलेली पण मेलेली पिले होती. उरलेल्या पाचांत मात्र बलकावर रक्ताचे एक पुसट कडे तेवढे दिसले. हे मी वहीत टिपून ठेवले.

थांबलेले घड्याळ

शाळा सुरू झाल्यावर ती वही मी आमच्या विज्ञानाच्या सरांना दाखवली. रक्ताच्या कड्याविषयी वाचून ते म्हणाले, “ही पाच पिले उबवणीच्या पहिल्या काही दिवसांतच मेली. अंडी बसवण्यापूर्वी कोठे ठेवली होती आणि किती दिवस?”

मी आठवून सांगितले. एकाच कोंबडीची अंडी सोळा-सतरा दिवस साठवली होती, आणि ती चुलीवरच्या फळीवर टोपलीत ठेवली होती.

सर हसले आणि त्यांनी मला एक गोष्ट समजावून दिली. आपण समजतो, कोंबडी अंड्यावर बसली म्हणजे पिलाची वाढ सुरू होते. खरे तर फलित अंड्यातील गर्भाची वाढ कोंबडीच्या पोटातच सुरू झालेली असते. अंडे तयार होऊन बाहेर पडायला सुमारे एक दिवस लागतो. तेवढ्या वेळात एका पेशीच्या हजारो पेशी होतात. अंडे बाहेर पडून थंड झाले की ही वाढ थांबते. गर्भ मरत नाही, तो थांबून राहतो. जणू कोणी घड्याळाचा लंबक धरून ठेवावा. म्हणून तर कोंबडी दोन आठवडे रोज एखादे अंडे घालते, शेवटी सर्वांवर एकदम बसते, आणि सारी पिले एकाच सुमारास बाहेर येतात.

परंतु हे घड्याळ थांबण्यासाठी तापमान साधारण २१ अंशांच्या खाली असावे लागते. त्याहून जास्त, पण साडेसदतीसपेक्षा कमी तापमानात गर्भ धड थांबत नाही आणि धड वाढतही नाही. अशी अर्धवट, वेडीवाकडी वाढ होऊन तो दुबळा होतो आणि पुढे मरतो. शिवाय थंड जागेतही अंडी आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवली तर पिले निघण्याचे प्रमाण घटत जाते.

“आता तुझ्या मामीच्या चुलीवरची फळी आठव,” सर म्हणाले. “ही झाली माझी कल्पना. ती खरी की खोटी, हे पुढच्या सुटीत तूच पाहा.” आणि त्यांनी शाळेतला एक तापमापक मला बरोबर नेण्याचे कबूल केले.

फळी आणि मडके

पुढच्या चैत्रात मी तापमापक घेऊन गेलो. चुलीवरच्या फळीवर दुपारी ३७ अंश भरले. मग परसात सावलीला एक मोठे पसरट भांडे ठेवले, त्यात वाळू भरली आणि वाळूत एक मडके गळ्यापर्यंत पुरले. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले आणि मडक्यावर ओले फडके झाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी मडक्यात २६ अंश होते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण. पाण्याची वाफ होताना ती भोवतालची उष्णता घेऊन जाते. माणसारख्या कोरड्या हवेत हे फार चांगले साधते. कोकणातल्या दमट हवेत एवढा फरक पडणार नाही.

मला सहा अंडी फळीवर आणि सहा मडक्यात ठेवायची होती. मामी ऐकेना. “अरं, ही काय तुझ्या शाळंतली खडूची पेटी हाय व्हय? मागल्या साली आठ गेली. आता मुद्दाम सहा घालवू?”

तिचे खोटे नव्हते. माझा प्रयोग होता, पण अंडी तिची होती. शेवटी आजीने तोड काढली. “चार ठिव फळीवर. आठ मडक्यात ऱ्हाऊ देत.”

तांबडी पुन्हा खुडूक झाली होती. तिला एका जुन्या अंड्यावर बसवून ठेवले. बाकीच्या तिघी अंडी देत होत्या. त्यामुळे या वेळी आठ दिवसांतच बारा अंडी जमली. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने तारीख घातली. दर तिसरे अंडे फळीवर ठेवून त्यावर ‘फ’ लिहिले, बाकीच्यांवर ‘म’. अशा रीतीने दोन्ही गटांतील अंडी सारख्याच दिवसांची झाली, कोंबडीही एकच. फरक राहिला तो फक्त ठेवण्याच्या जागेचा.

सातवी रात्र

सातव्या रात्री खोक्याला रुपयाएवढे भोक पाडले, आत विजेरी लावली आणि एकेक अंडे त्या भोकावर धरले. बाहेर अंधार असला की अंडे आतून कंदिलासारखे उजळते. जिवंत अंड्यात मध्यभागी एक काळा ठिपका आणि त्यापासून चहूकडे फुटलेल्या लाल रेषा दिसतात. कोळी आणि त्याचे जाळेच जणू! गर्भाचे हृदय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच धडधडू लागते. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने ठरावीक दिवसांनी अंडी फोडून हे पाहिले होते, आणि हलणाऱ्या रक्ताच्या ठिपक्याची नोंद करून ठेवली होती.

मामी आधी दुरूनच बघत होती. तिसऱ्या अंड्याला ती जवळ आली. लाल रेषा पाहून हळूच म्हणाली, “हलतंय की रं!”

‘म’ गटातील आठांपैकी एक कोरे निघाले, सात जिवंत होती. ‘फ’ गटातील चारांपैकी एक कोरे होते, दोघांत रक्ताचे कडे आणि एकच जिवंत होते. चार निकामी अंडी काढून टाकली.

उरलेल्या आठांवर कोंबडी बसून राहिली. दिवसातून एकदा पाव तास ती उठे, दाणा-पाणी करी आणि परत येई. बसल्या बसल्या ती चोचीने अंडी फिरवत असे. हे फिरवणे फार महत्त्वाचे आहे. अंडे एकाच बाजूवर पडून राहिले तर गर्भ वर तरंगून कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटण्याची भीती असते. उबवणी यंत्रातही म्हणूनच अंडी फिरवण्याची सोय केलेली असते.

सोळाव्या रात्री वळवाचा पाऊस आला. विजा कडाडल्या, छपराची एक फट पाटीवरच गळू लागली आणि कोंबडी भिऊन उठून गेली. आमच्या लक्षात यायला तासभर तरी गेला. अंडी ओली आणि गार लागत होती. मामी काही बोलली नाही. आजीने ती पदराने पुसली, एकेक अंडे स्वतःच्या पापणीला लावून पाहिले आणि म्हणाली, “अजून ऊब हाय.” इजिप्तमधील परंपरागत उबवणी भट्ट्यांत कामगार अंड्याची ऊब अशीच पापणीवर पाहत असत, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. पाटी घरात आणली, काड बदलले आणि कोंबडीला वर बसवून डालगे झाकले.

आजीचा खिळा पाटीत होताच. पण वीज नव्हे, तर पावसाने भिजणे आणि कोंबडीचे उठून जाणे हा अंड्यांना खरा धोका असतो. त्यावर खिळ्याचा इलाज चालत नाही, छपराची फट बुजवावी लागते. सुदैवाने शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतःही थोडी उष्णता निर्माण करीत असतो. त्यामुळे थोडा वेळ गारवा तो सोसू शकतो.

कवचाच्या आत आणि बाहेर

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. त्यामुळे अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन शेकडा १२ च्या आसपास घटते आणि बोथट टोकाकडचा वायुकोष मोठा होतो. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिलू चोचीने या वायुकोषाचा पापुद्रा फोडते आणि आयुष्यातला पहिला श्वास फुप्फुसांनी घेते. हाडांसाठी लागणारे बरेचसे कॅल्शियम त्याने कवचातूनच घेतलेले असते. त्यामुळे कवचही थोडे पातळ झालेले असते. चोचीच्या टोकावरील छोट्या अंडदंताने ते कवच टोचते आणि बाहेर येते. उरलेला बलक त्याने पोटात ओढून घेतलेला असतो. ती त्याची शिदोरी. दोन दिवस त्याला दाणा मिळाला नाही तरी चालते.

विसाव्या संध्याकाळी मी पाटीला कान लावला. बंद अंड्यातून बारीक ‘चिव् चिव्’ येत होती आणि तांबडी हलक्या आवाजात तिला उत्तर देत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात पिले निघाली. मडक्यातल्या आठ अंड्यांपैकी सहा, फळीवरच्या चारांपैकी एक. एक पिलू अंड्यातच मेले होते.

मी ती वही सरांना दाखवली तेव्हा मला वाटले, शाबासकी मिळेल. ती मिळाली, पण त्यांनी एक प्रश्नही विचारला. “फळीवर ऊन हवा होती, तशीच ती कोरडीही होती आणि धूरही होता. यांपैकी नेमके कशाने अंडी बिघडली? आणि चार अंड्यांवरून खात्रीने बोलता येईल का?” मला उत्तर देता आले नाही. मामीला मात्र उत्तराची वाट पाहण्याची गरज नव्हती. तिने दुसरे मडके पुरले होते.

तुम्हीही करून पाहा

घरची कोंबडी खुडूक झाली तर घरच्यांना विचारून अंड्यांवर तारखा घाला. साठवण्याच्या जागेचे तापमान दिवसातून तीनदा नोंदवा. सातव्या व चौदाव्या रात्री विजेरीवर अंडी तपासा, पण एका अंड्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लावू नका. शाळेचा तराजू मिळाला तर दर चार दिवसांनी वजन करून आलेख काढा. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका आणि पिलाला ओढून बाहेर काढू नका.

पिले निघाली की काम संपत नाही. १९२७ साली आपल्याकडे राणीखेत येथे आढळलेला आणि त्याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा रोग, म्हणजेच मानमोडी, सारे खुराडे दोन दिवसांत रिकामे करू शकतो. त्यावर औषध नाही, पण लस आहे. पहिल्या आठवड्यातच डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून ती देता येते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

आणि तुमच्या नोंदींतील आकडे आमच्यापेक्षा वेगळे आले तर ते खोडू नका. बाराच्या जागी बाराशे अंड्यांच्या नोंदी अनेक शाळांनी मिळून जमवल्या, तर सरांच्या त्या प्रश्नाचे उत्तर कदाचित तुम्हीच द्याल.