रायफल आपल्या मापाची

बंदुकीचा विषय निघाला की आपल्यासमोर दोनच माणसे उभी राहतात. एक सीमेवरचा जवान आणि दुसरा जुन्या काळचा शिकारी. त्यांपैकी शिकाऱ्याचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सरले. पण रायफल मनापासून जपणारा एक तिसरा माणूसही आहे. तो म्हणजे नेमबाज खेळाडू. त्याच्या वागण्यात नवख्याला एक कोडे दिसते. नामांकित कारखान्याची, लाखांत किंमत असलेली रायफल तो आणतो आणि लगेच स्क्रू सैल करून तिचे भाग मागेपुढे, खालीवर करू लागतो. कारखान्यातल्या तज्ज्ञांना जे कळले नाही ते याला कळते काय?

या कोड्याचे उत्तर आपल्या बोळिंजच्या वाड्यांतही सापडेल. केळीच्या आणि पानवेलीच्या बागांत ज्यांनी हयात घालविली त्यांना विचारा. कोयत्याचे पाते लोहाराने घडवावे हे खरे. पण मूठ ज्याच्या त्याच्या हाताला बसली पाहिजे. दुसऱ्याचा कोयता तासभर चालविला तर तळव्याला फोड येतो. त्यात लोहाराचा दोष नसतो, तसा आपल्या हाताचाही नसतो. माप जुळलेले नसते, इतकेच.

रायफलीत हे माप किती बारीक असते ते पाहा. ५० मीटरच्या रायफल नेमबाजीत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढा असतो. एक मीटर लांबीच्या रायफलीचे टोक एका बाजूला एक मिलिमीटर कलले, तर ५० मीटरवर ती चूक ५० मिलिमीटरची होते आणि दहा गुणांची गोळी चारावर जाते. तेव्हा या खेळात खरी कसोटी लागते ती स्थिर राहण्याची.

आता स्थिरता येते कोठून? स्नायूंच्या जोरावर धरून ठेवलेली वस्तू थोड्याच वेळात थरथरू लागते. हाडांच्या आधारावर टेकविलेली वस्तू शांत राहते. दस्ता लांब पडला की खांदा पुढे ताणावा लागतो, आखूड पडला की मान आक्रसते. गाल टेकण्याची पट्टी खाली असेल तर डोळा मागच्या भोकाच्या आणि पुढच्या माशीच्या रेषेत आणण्यासाठी डोके अधांतरी धरावे लागते. असा प्रत्येक ताण शेवटी नळीच्या टोकाशी कंप होऊन उमटतो. म्हणूनच नेमबाज दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची, खांद्याच्या पट्टीचा कोन आणि चापाचे अंतर आपल्या देहाप्रमाणे लावून घेतो.

एवढ्यावरही भागत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने कांस्यपदक मिळविले. मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या या खेळाडूचा प्रकार होता ५० मीटर रायफल, तीन अवस्था: गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून. रायफल तीच, माणूस तोच. पण पालथे पडल्यावर मान जशी असते तशी ती उभे राहिल्यावर राहत नाही. त्यामुळे अवस्था बदलली की गालपट्टी आणि खांद्याची पट्टीही नव्या जागी न्यावी लागते. एकाच माणसाला जेथे तीन मापे लागतात, तेथे सगळ्या जगाला एकच माप कसे पुरणार?

लाकडाचाही स्वभाव असतो. पावसाळ्यात आपल्या घरांची दारे फुगून चौकटीत अडकतात, तसा लाकडी दस्ताही दमट हवेत फुगतो, नळीवर दाब आणतो आणि गोळीची जागा बदलते. म्हणून नळी दस्त्यात नीट बसवून घेतात, किंवा दस्ताच ॲल्युमिनियमचा घेतात. काडतुसांचेही तसेच. एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांतील काडतुसे एकाच नळीतून सारखी जात नाहीत. आपल्या नळीला कोणती मानवतात, हे प्रत्येकाला झाडून पाहूनच ठरवावे लागते.

यावरून कारखाना निरुपयोगी ठरतो असे मात्र कोणी समजू नये. नळीची अचूकता ही कारखान्याचीच विद्या आहे. जर्मनीतील उल्म येथील कारखाने स्पर्धेच्या रायफली बनविताना मापे बदलण्याची सोय आधीच करून ठेवतात. निम्मे काम त्यांचे, निम्मे आपले.

या मोकळीकीला दोन कुंपणे आहेत. पहिले खेळाच्या नियमांचे: ५० मीटर प्रकारात रायफल सर्व साहित्यासह ८ किलोंपेक्षा जड चालत नाही आणि स्पर्धेपूर्वी तिची तपासणी होते. दुसरे कायद्याचे: १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून बंदुकीची नळी आखूड करणे किंवा खोट्या बंदुकीची खरी करणे हा गुन्हा आहे. गालपट्टी सरकविणे निराळे आणि नळीला करवत लावणे निराळे, हा विवेक सुटता कामा नये. शिवाय काहींना बदलाचेच व्यसन जडते. आज एक पेच फिरवावा, उद्या दुसरा, आणि सरावाला मात्र वेळ नाही! जाणता नेमबाज एका वेळी एकच बदल करतो, तो वहीत टिपून ठेवतो आणि पुष्कळ गोळ्या झाडल्यावरच त्याचा निकाल मानतो.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन आपल्या मुलांसाठी आहे. शिकाऊ मुलाच्या हाती प्रथम येते ती बहुधा संस्थेची सामायिक रायफल. तासापूर्वी ती एखाद्या उंच तरुणाच्या मापाने लावलेली असते. बारा वर्षांची मुलगी ती उचलते, मान दुखते, गोळ्या विखुरतात, आणि महिन्याभरात घरात निकाल लागतो की "हिच्या हाताला हे जमायचे नाही." खरे पाहता तिच्या हाताची परीक्षाच झालेली नसते, परीक्षा झालेली असते दुसऱ्याच्या मापाची! पालकांनी लाखांची रायफल घेण्याची घाई करू नये. पण मुलीसाठी आहे ती रायफल तिच्या मापाने लावून द्यावी, ते आकडे तिच्या वहीत उतरवून द्यावेत आणि दर वेळी सरावाच्या आधी ते जुळवू द्यावेत, एवढा आग्रह प्रशिक्षकाकडे अवश्य धरावा. त्यासाठी पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात. तिला नेम साधतो की नाही, हे त्यानंतर ठरवावे.